घाट, गाडी आणि गरम पाणी

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की मुंबई, ठाणे, पुणे, नाशिककडची मंडळी हल्ली तंबू घेऊन बाहेर पडतात. भंडारदरा, पवना, कोयनेचा परिसर, मुळशी. पूर्वी सहल म्हणजे सगळं खटलं निघायचं. आत्या, मावश्या, पुरीभाजीचे डबे, एसटीची खिडकी. आता पुष्कळदा आई किंवा बाप एकटाच असतो, सोबत पाच-सात वर्षांचं एखादं पोर, आणि डिक्कीत गुंडाळलेला तंबू. ही चांगलीच गोष्ट आहे. मुलाला आकाश दाखवायचं तर गच्चीवरून ते फार थोडं दिसतं.

पण आज मला तंबूबद्दल बोलायचं नाही. तंबूपर्यंत पोचण्याच्या आधी घाटात जी गाडी बंद पडते तिच्याबद्दल बोलायचं आहे, आणि त्या गाडीशेजारी उभ्या असलेल्या लहान मुलाबद्दल. कारण गाडीचं बिघडणं दोन-चारशे रुपयांत सुटतं. मुलाच्या हातावर उकळतं पाणी उडालं तर ते कशानंच भरून येत नाही.

गाडी तापते, किंवा गॅरेजच्या भाषेत 'हीट होते', म्हणजे नेमकं काय होतं? आपण पेट्रोल जाळतो ते चाक फिरावं म्हणून. पण त्यातून निघणाऱ्या शक्तीपैकी जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग चाकापर्यंत जातो. बाकीची सगळी उष्णता. त्यातली साधारण निम्मी सायलेन्सरवाटे धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली इंजिनच्या अंगात मुरते. सिलिंडरच्या आत क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर तापमान जातं, आणि ज्या ॲल्युमिनियमचं इंजिनचं हेड बनवलेलं असतं ते ६६० अंशांवर वितळतं. म्हणजे धावती गाडी ही एक सतत टळत असलेली दुर्घटनाच आहे म्हणा ना! ती टाळण्याचं काम करतं पाणी. इंजिनच्या भिंतींमधून चार ते सहा लिटर पाणी सारखं फिरत असतं. ते उष्णता उचलतं, पुढच्या जाळीत म्हणजे रेडिएटरमध्ये येतं, वाऱ्यावर थंड होतं आणि परत आत जातं. फिरवायला पंप, वारा कमी पडला तर पंखा, आणि पाणी पुरेसं गरम झाल्याशिवाय त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारा एक छोटा दरवाजा, थर्मोस्टॅट. तो साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो.

सपाट रस्त्यावर हे सगळं बिनबोभाट चालतं. घाटात मात्र गणित उलटं होतं. चढावर इंजिनला जास्त काम, म्हणून जास्त पेट्रोल, जास्त उष्णता. आणि गाडी मात्र दुसऱ्या गिअरमध्ये, ट्रकच्या मागे रांगत, म्हणजे रेडिएटरला वारा नाही. त्यात मे महिना. त्यात एसी चालू. एसीची जाळी बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या अगदी पुढे असते आणि आपली उष्णता ती मागच्या रेडिएटरवरच सोडते. वर्षभर गावात नीट चाललेली गाडी घाटाच्या तिसऱ्या वळणावर रुसते ती यामुळे. दुखणं जुनंच असतं, झिजलेली होज म्हणा, सैल क्लिप म्हणा, अडकलेला पंखा म्हणा. घाट फक्त ते उघडं पाडतो.

आता या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती कळायला स्वयंपाकघरात जायला हवं. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळतं, तेही समुद्रसपाटीला. दर ३०० मीटर उंच गेलं की सुमारे एक अंशानं आधीच उकळतं. इगतपुरी साधारण ६०० मीटरवर आहे, तिथे ९८ अंशांवर. कळसूबाईच्या माथ्यावर, १,६४६ मीटरवर, ९५च्या जरा खालीच. पण कुकरचं झाकण लावलं की आत दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत जाऊनही पाणीच राहतं, म्हणून तर डाळ लवकर शिजते. रेडिएटरचं झाकण हे अगदी असंच कुकरचं झाकण आहे. त्यात स्प्रिंग असते, ती आतला दाब धरून ठेवते. त्यामुळे गाडीतलं पाणी ११०, ११५ अंशांना असूनही उकळत नाही.

आणि तुम्ही ते झाकण उघडता! दाब क्षणात जातो. जे पाणी आतापर्यंत निमूट होतं त्याला एकदम आठवतं की आपण उकळायच्या कितीतरी पुढे आलो आहोत. त्याची वाफ होते आणि ते कारंज्यासारखं वर उसळतं. शिट्टी न काढता कुकर उघडणारी बाई आपल्याला माहीत नाही. पण तापलेल्या गाडीचं झाकण फिरवणारे शहाणेसुरते पुरुष मी पुष्कळ पाहिले आहेत. बहुतेक वेळा शेजारी मूल उभं असतं. काय चाललंय ते बघायला ते टाचा उंचावतं, आणि त्याचा चेहरा नेमका बॉनेटच्या उंचीला येतो.

एक उदाहरण सांगतो. २००९च्या मे महिन्याची अखेर. मी आणि माझी सात वर्षांची मुलगी भंडारदऱ्याला काजवे बघायला निघालो होतो. कसारा घाटात, चढ निम्मा झाला असेल, रेडिएटरची वरची होज फाटली. बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ. मुलगी म्हणाली, ''अब्बा, गाडी रडतेय का?''

इंजिन लगेच बंद केलं. इथे एक बारीकशी गोष्ट आहे. नुसता काटा चढत असेल, वाफ नसेल, पाणी सांडत नसेल, तर लगेच इंजिन बंद करण्याची घाई नको. एसी बंद करावा, काचा खाली कराव्यात आणि गाडीचा हीटर पूर्ण जोरात सुरू करावा. मे महिन्यात हीटर म्हटलं की लोक हसतात. पण हीटर म्हणजे गाडीच्या आत बसवलेला दुसरा छोटा रेडिएटरच. तो इंजिनची उष्णता ओढून तुमच्या पायावर सोडतो. पाय भाजतात, इंजिन वाचतं. कित्येकदा तेवढ्यावर काटा खाली येतो. मात्र काटा लालपट्टीत गेला किंवा वाफ दिसली, तर गाडी कडेला आणि इंजिन बंद. पाणी पार निघून गेलं असेल तर काट्यावरही विश्वास ठेवू नये. तापमान मोजणारं यंत्र पाण्यात बुडलेलं असलं तरच खरं बोलतं. कोरडं पडलं की ते चक्क 'सगळं ठीक आहे' असंही दाखवतं. नव्या छोट्या गाड्यांत तर पुष्कळदा काटाच नसतो. गाडी गार असताना निळा दिवा, फार तापली की लाल, बस्स.

गाडी थांबल्यावर पहिलं काम मुलाचं, मग गाडीचं. हे सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात माणूस आधी बॉनेटकडे धावतो. मुलाला रस्त्याकडच्या नव्हे, कडेच्या दारानं उतरवायचं. गाडीच्या मागे किंवा दोन गाड्यांच्या मधे उभं करायचं नाही. मागून येणाऱ्या ट्रकनं धडक दिली तर मधलं माणूस चिरडतं. कठड्यापलीकडे दरी नसेल तर कठड्यापलीकडे, असेल तर कठड्याला लागून, गाडीपासून बरंच पुढे, सावलीत. आणि मुलाला गाडीत बसवून काचा लावून मदत आणायला जाणं तर कधीच नाही. उन्हात बंद गाडीचं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी वाढतं, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा फार लवकर तापतं.

हँडब्रेक ओढायचा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, चाकामागे दगड लावायचा. लाल त्रिकोण गाडीला चिकटवून ठेवू नये, निदान पन्नास पावलं मागे ठेवावा, आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. आपल्या घाटांत त्रिकोणाऐवजी झाडाच्या फांद्या ठेवायची रीत आहे. रीत वाईट नाही, वळणावर हिरवी फांदी दिसली की अनुभवी चालक सावध होतो. राग येतो तो गाडी दुरुस्त झाल्यावर दगड तिथेच टाकून जाणाऱ्यांचा. आपलं चाक ज्या दगडानं वाचलं तोच दगड रात्री कुणा मोटारसायकलवाल्याचा जीव घेतो. तो उचलून बाजूला ठेवायला किती वेळ लागतो?

आमच्यासाठी एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, पहिलं वाक्य बोलला ते गाडीबद्दल नव्हतंच. ''पोरीला तिकडं घ्या साहेब, सावलीला.'' मग म्हणाला, ''पाऊण तास हात लावू नका.'' मुलीला मी घड्याळ दिलं आणि मोठा काटा कुठे आला की सांगायचं ते दाखवलं. तिला काम मिळालं. लहान मुलांना अशा वेळी 'काही नाही झालं' म्हटलं की त्यांना बरोबर कळतं की काहीतरी झालंय. त्यापेक्षा 'पाण्याची नळी फाटली, पाणी गरम आहे, गार होईपर्यंत थांबायचं' हे त्यांना पटतं. पाऊण तासात तिनं मला तेवीस वेळा वेळ सांगितली.

पाऊण तास हा आकडा उगाच नाही. इंजिन बंद केल्यावरही काही मिनिटं आतलं पाणी तापतच राहतं, कारण ते फिरायचं थांबलेलं असतं आणि धातू मात्र अजून धगधगत असतो. वरची रबरी होज दाबून पाहावी, ती मऊ आणि कोमट लागली म्हणजे दाब गेला. मग जाड फडकं चार पदरी करून झाकणावर ठेवायचं, तोंड बाजूला ठेवायचं आणि झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवायचं. 'फुस्स' आवाज थांबला की मग पूर्ण. काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीलाच दाबाचं झाकण असतं. नियम तोच.

तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. तापल्या तव्यावर पाणी मारल्यावर तवा कसा तडतडतो? इंजिनचं हेड असंच वाकतं, कधी तडकतं. हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट गेलं की पाणी आणि ऑईल एक होतं. ऑईलचं झाकण उघडल्यावर आत दुधाळ चहासारखं काही दिसलं, तर ती गाडी पुढे चालवायची नाही, टोचन करूनच न्यायची.

ट्रकच्या क्लीनरनं सायकलच्या ट्यूबची एक लांब पट्टी काढली, फाटलेल्या होजवर ताणून ताणून गुंडाळली आणि वरून तार पिळली. आम्ही प्यायचं पाणी आणलं होतं, ते हळूहळू भरलं. रेडिएटरचं झाकण त्यानं मुद्दाम अर्धवटच लावलं. कारण तुमच्या लक्षात आलंच असेल, पूर्ण लावलं तर दाब वाढतो आणि ट्यूबची पट्टी सुटते. दाब नाही म्हणजे पाणी लवकर उकळणार, म्हणून इगतपुरीपर्यंत बेतानं, थांबत थांबत. ही तात्पुरती मलमपट्टी. ती पुढच्या गॅरेजपुरतीच.

गॅरेजमध्ये ज्यांनी नवी होज बसवली त्यांना सगळे 'उस्ताद' म्हणत होते. हा शब्द मला फार आवडतो. गाणं शिकवणारा उस्ताद, उर्दू कवितेत शागिर्दाचा शेर तपासून दुरुस्त करणाराही उस्ताद, त्या दुरुस्तीला 'इस्लाह' म्हणतात, आणि कार्बोरेटर साफ करणाराही उस्ताद. शब्दकोशात याहून लोकशाहीवादी शब्द थोडे असतील. या उस्तादांनी पाणी काढून हिरवं कूलंट भरलं आणि ती बाटली मुलीच्या हाताला लागणार नाही अशी फळीवर उंच ठेवून दिली.

ते त्यांनी का केलं, ते सांगायला हवं. कूलंट म्हणजे मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी. ते जास्त तापमानाला उकळतं, आतून गंज धरू देत नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी वर्षानुवर्षं भरलं तर किटलीत बसतो तसा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, म्हणून कूलंट हवंच. पण इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि ते विष आहे. रंग हिरवा किंवा गुलाबी, म्हणजे थेट सरबतासारखा. आणि आपण काय करतो? उरलेलं कूलंट शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून डिक्कीत ठेवतो, बिस्किटांच्या पुड्यांशेजारी! लहान मुलाचे काही घोटदेखील जीवघेणे ठरू शकतात. त्यात सुरुवातीला मूल नुसतं झिंगल्यासारखं, सुस्त दिसतं, मूत्रपिंडावरचा परिणाम नंतर कळतो. पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय. कूलंट मूळ डब्यातच ठेवावं आणि सांडलेलं धुऊन टाकावं.

आणखी एक जालीम उपाय आपल्याकडे चालतो. गाडी हीट होते का, मग थर्मोस्टॅट काढून टाका! तक्रार काही दिवस जाते खरी. पण मग इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त लागतं, झीज वाढते, आणि मूळ दुखणं तिथेच राहतं. ताप आला म्हणून थर्मामीटर फेकून देण्यातला प्रकार.

भंडारदऱ्याला पोचल्यावर गाडीचं दुसरं दुखणं रात्री सुरू होऊ शकतं, ते म्हणजे बॅटरी. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. तंबू ठोकायला उजेड हवा म्हणून हेडलाईट लावून ठेवले तर दोन दिवे मिळून नऊ-दहा अँपिअर खातात. दोन-अडीच तासांत बॅटरी इतकी उतरते की सकाळी चावी फिरवल्यावर नुसतं 'टक् टक्' ऐकू येतं. आतला छोटा दिवा रात्रभर राहिला तर चांगली बॅटरी तग धरते, जुनी धरत नाही. उपाय साधा, विजेरी न्यावी.

शिवाय त्या रानात हेडलाईट लावू नयेत याला बॅटरीपेक्षा मोठं कारण आहे. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस लागायच्या तोंडावर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजव्यांची लखलख असते. तो त्यांचा मीलनाचा संवाद आहे. नर लुकलुकतो, मादी उत्तर देते. गाडीचे झोत पडले की हा संवाद तुटतो. आणि त्यांचा उजेड कसा? ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य प्राणवायूशी संयोग पावतं आणि जवळजवळ काहीही उष्णता न होता प्रकाश पडतो. मुलीनं विचारलं होतं, ''काजवा हीट होत नाही का?'' नाही होत. दोन तृतीयांश शक्ती उष्णतेत घालवणाऱ्या यंत्रातून आपण तिथवर जातो, ते असा गार उजेड बघायला!

बॅटरी उतरलीच तर दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट करता येतं. लाल वायर आधी आपल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग दुसऱ्या गाडीच्या धन टोकाला. काळी वायर दुसऱ्या गाडीच्या ऋण टोकाला आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते. धक्का मारून सुरू करायची तर मुलाला गाडीच्या पुढे-मागे ठेवू नये, 'मी पण ढकलतो' म्हणालं तरी. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला धक्का मारून उपयोग नसतो.

२०२५च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, त्यामुळे अनेक गाड्या आता कसारा घाट टाळून बोगद्यातून जातात. पण माळशेज, वरंधा, कुंभार्ली, आंबा हे घाट आहेतच. मदतीसाठी १०८ रुग्णवाहिकेला, ११२ कुठल्याही तातडीच्या प्रसंगाला आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक. घाटात मोबाईलची रेंज जाते, म्हणून ते लिहून ठेवलेले बरे.

राहता राहिला उतार. चढताना इंजिन तापतं, उतरताना ब्रेक. हजार किलोची गाडी ३०० मीटर खाली आणताना जी शक्ती जिरवावी लागते तिच्यात नऊ-दहा लिटर पाणी उकळीला येईल. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरलात तर ती सगळी उष्णता ब्रेकच्या लायनरमध्ये जाते. लायनर ठरावीक मर्यादेपलीकडे तापले की पायाखालचा ब्रेक दाबूनही पकडत नाही. इंजिनच बंद करून उतरणं तर आणखी वाईट, ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते आणि स्टिअरिंग जड होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरावा. इंजिन गाडीला मागे ओढून धरतं आणि तेव्हा पेट्रोलही जवळपास लागत नाही. जळका, तिखट वास येऊ लागला तर रुंद जागा बघून थांबावं, चाकांवर पाणी मारू नये, तापलेली डिस्क वाकते. वीस मिनिटं, अर्धा तास, वास जाईपर्यंत. तोवर मुलाला पुन्हा घड्याळ द्यावं.